'मी', 'मला' आणि 'आपण'



ह्या अंकासाठी काही अभ्यासपर मजकूर लिहावा, अशी सूचना संपादक मंडळींकडून आली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते. घरचा व्यवसाय पौरोहित्याचा. पूजा-याज्ञिकीपलीकडे शास्त्राध्ययन केले आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. परंतु गेली काही वर्षे एक प्रश्न आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे, आणि त्यावर इतर देशांतील विचारवंतांनी काय म्हटले आहे ते मिळेल तसे वाचून पाहण्याचा नादही लागला आहे. प्रश्न असा की, प्रत्येक माणूस दिवसातून शेकडो वेळा 'मी' म्हणतो, तो 'मी' त्यास मिळतो कोठून?

आरंभीच एक शंका दूर करणे अवश्य आहे. देवळाच्या पत्रिकेत 'मी' चा विचार निघाला की वाचकांस वेदान्ताची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. आत्मा नित्य आहे, तो कोणी घडवीत नाही, अशी आपली धारणा आहे. तिच्याशी येथे आमचा वाद नाही. ज्यास आपल्याकडे अहंकार म्हणतात, म्हणजे 'मी अमक्याचा मुलगा, मी हुशार, मी भित्रा, मी ह्या गल्लीतला' ही जी जाणीव, तिचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ती जाणीव जन्मतः आलेली नसते, हे वेदान्तीही मान्य करतील.

एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. आम्ही चौदा वर्षांचे होतो. तीर्थरूप तापाने अंथरुणास खिळले होते आणि एका यजमानांकडे सत्यनारायणाची पूजा ठरलेली होती. निरोप पाठविण्यास वेळ नव्हता. आईने सोवळे नेसविले, पोथी हाती दिली आणि आम्हांस पाठविले. पूजा कशीबशी पार पडली. दोन ठिकाणी चुकलोही, पण ते कोणाच्या ध्यानात आले नाही. शेवटी त्या घरातील सत्तरीच्या आजीबाई पुढे आल्या, आणि 'गुरुजी, नमस्कार करते' म्हणून वाकल्या. आदल्या दिवशी ह्याच आजीबाईंनी, अंगणात चेंडू आला म्हणून, आम्हांस 'मेल्या' म्हटले होते. आता त्यांचे पांढरे केस आमच्या पायांशी होते. त्या घराचा जिना उतरताना आम्ही चढताना होतो ते राहिलो नव्हतो. चाल बदलली होती, आवाज खाली आला होता. घरी येऊन धाकट्या बहिणीस आम्ही 'अगं, गोंधळ करू नकोस' असे जे सांगितले, ते हुबेहूब वडिलांच्या स्वरात. ती हसली, आणि आम्हांस राग आला. राग येण्याइतके गुरुजी आम्ही दोन तासांत झालो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र तोच मुलगा 'ए शेंडी' होता. आणि त्याच वर्षी वर्गातल्या एका शिक्षकांनी, आमचे बीजगणित चुकले तेव्हा, 'तुला भिक्षुकीच करायची आहे, हे येऊन काय करणार' असे सहज म्हटले. त्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता; वर्ग हसला, तेही हसले, आम्हीही हसलो. पण त्या दिवसापासून बीजगणिताचे पुस्तक उघडले की आत कोणीतरी तेच वाक्य आधी म्हणे. ते शिक्षकांच्या आवाजात असे तोवर ठीक होते. पुढे पुढे ते आमच्याच आवाजात येऊ लागले.

हा अनुभव प्रत्येकाचा काही ना काही असतोच. त्याचे शास्त्र मांडण्याचे काम प्रथम नीटपणे केले ते चार्ल्स हॉर्टन कूली (1864–1929) ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने. मिशिगन विद्यापीठात ते शिकवीत. 1902 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी आरशाचा दृष्टान्त दिला. माणूस आपले मुख आरशात पाहतो, तसे आपले शील तो दुसऱ्याच्या मनात पाहतो. ह्यात तीन पायऱ्या आहेत: दुसऱ्यास आपण कसे दिसत असू ह्याची कल्पना, त्या दिसण्यावरून तो आपल्याविषयी काय मत करीत असेल ह्याची कल्पना, आणि त्यातून आपल्या ठायी उपजणारा अभिमान किंवा लाज. पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्याच आहेत, हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्याच्या मनात खरोखर काय आहे ते आपणांस दिसत नाही. आपण ते मानून चालतो, आणि मानलेल्या गोष्टीची लाज मात्र खरी असते. हल्ली हा आरसा खिशात बाळगण्याची सोय झाली आहे. भ्रमणध्वनीवर स्वतःचे छायाचित्र चढवून घटकेघटकेस किती जणांनी अंगठा दाखविला ते मोजणारी मंडळी आपल्या घरोघरी आहेत. कूलींच्या तिन्ही पायऱ्या त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येतात.

कूलींची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. ते स्वतःच्या मुलांचे बोलणे टिपून ठेवीत, आणि मूल 'मी', 'माझे' हे शब्द कसे वापरू लागते ह्यावर त्यांनी 1908 साली एक निबंध लिहिला. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 'चमचा' हा शब्द मूल ऐकून शिकते, कारण आई चमच्यास चमचा म्हणते आणि बाबाही चमचाच म्हणतात. परंतु 'मी' चे तसे नाही. आई 'मी' म्हणते तेव्हा ती आई असते, बाबा म्हणतात तेव्हा बाबा. आणि मुलास तर सारेजण 'तू' म्हणतात. मग नुसते अनुकरण करणाऱ्या मुलाने स्वतःस 'तू' म्हणावयास हवे! काही मुले काही दिवस तसे म्हणतातही. आपल्याकडची पुष्कळ मुले प्रथम 'बाळाला भूक लागली', 'सोनीला पाहिजे' असे स्वतःविषयी परक्यासारखे बोलतात. म्हणजे मूल स्वतःस प्रथम बाहेरून, इतरांच्या तोंडच्या नावाने ओळखते. 'मला' म्हणण्यासाठी त्यास एक उडी मारावी लागते: जो जो बोलतो तो तो स्वतःपुरता 'मी' असतो, हे ओळखावे लागते. दुसराही 'मी' आहे हे कळल्यावाचून स्वतःचा 'मी' हाती येत नाही. आपल्या घरी दोन-अडीच वर्षांचे मूल असेल तर वाचकांनी हे ताडून पाहावे.

ह्याच विचारास पूर्णत्व आणणारे पुरुष म्हणजे जॉर्ज हर्बर्ट मीड. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील साउथ हॅडली येथे 1863 साली त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते, पुढे ओबर्लिन येथे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत; तेव्हा मीड हे एका अर्थाने आमच्याच जातकुळीचे म्हणावयास हरकत नाही. तरुणपणी त्यांनी थोडे दिवस शाळामास्तरकी केली, रेल्वेच्या मोजणीदारांबरोबर कामही केले. 1894 पासून 1931 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत होते. आश्चर्य असे की ह्या थोर विचारवंताने आपल्या विचारांचे एकही पुस्तक हयातीत छापले नाही. ते बोलत, विद्यार्थी लिहून घेत. त्या टिपणांवरून त्यांच्या पश्चात, 1934 साली, मन, स्व आणि समाज ह्या विषयांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. गुरूने सांगावे आणि शिष्यांनी जतन करावे ही पद्धत आपल्याला काही नवी नाही.

मीड म्हणतात की सर्वांच्या मुळाशी हावभाव आहे. दोन कुत्री समोरासमोर आली, एकाने दात विचकले की दुसरे अंग चोरते किंवा गुरगुरते. त्यावर पहिले आपला पवित्रा बदलते. हा हावभावांचा संवाद खरा, पण कुत्र्यास आपण दात विचकल्याचा अर्थ स्वतःस ठाऊक नसतो. माणसाच्या हावभावाचे वैशिष्ट्य असे की, त्याने समोरच्याच्या मनात जो प्रतिसाद उठतो तोच करणाऱ्याच्याही मनात उठतो. असा हावभाव झाला की तो प्रतीक झाला. ह्या कामी वाणीस विशेष महत्त्व आहे, आणि त्याचे कारण मोठे साधे आहे. आपली मुद्रा आपणांस दिसत नाही, पण आपला आवाज आपणांस ऐकू येतो. देवळातली घंटा वाजविणारा ती इतरांइतकीच स्वतः ऐकतो, तसे. 'चूप' असे आपण दुसऱ्यास दरडावतो तेव्हा आपलेही कान ते दरडावणे ऐकतात. अशा रीतीने बोलता बोलता माणूस स्वतःचाच श्रोता बनतो, आणि पुढे ओठ न हलविता स्वतःशी बोलू लागतो. त्यासच आपण विचार करणे म्हणतो.

प्रतीक हाती येण्यापूर्वी माणूस कसा असतो आणि आल्यावर काय होतो, हे पाहण्याची संधी सहसा मिळत नाही, कारण ते घडते तेव्हा आपण पाळण्यात असतो. एका बाईंनी मात्र ते आठवून लिहिले आहे. हेलन केलर ह्यांचा जन्म 1880 साली अमेरिकेच्या अलाबामा प्रांतातील टस्कंबिया गावी झाला. एकोणीस महिन्यांच्या असताना आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेली. 1887 च्या मार्च महिन्यात ॲन सलिव्हन ह्या तरुण शिक्षिका त्यांच्या घरी आल्या. त्या मुलीच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढून शब्द सांगत. मुलगी ती चिन्हे गिरवी, पण चिन्ह म्हणजे वस्तूचे नाव, हे तिला उमगत नव्हते. 5 एप्रिल 1887 रोजी सकाळी ती त्रासली आणि तिने नवी बाहुली जमिनीवर आपटून फोडली. त्याचे तिला काहीच वाटले नाही. मग सलिव्हनबाई तिला बाहेर पाण्याच्या पंपाशी घेऊन गेल्या, एका हातावर पाण्याची धार धरली आणि दुसऱ्या हातावर 'पाणी' ह्या शब्दाची अक्षरे काढली. त्या क्षणी कोडे सुटले. परत येताना ती जे जे हाताला लागेल त्याचे नाव विचारीत सुटली.

हे सर्वांस ठाऊक असते. पुढचे फार थोडे सांगतात. घरात आल्यावर तिला फोडलेल्या बाहुलीची आठवण झाली. तिने चाचपडत तुकडे शोधले, ते जोडून पाहिले, ते जुळेनात. तेव्हा तिचे डोळे भरून आले. 1903 साली छापलेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की पश्चात्ताप आणि दुःख आयुष्यात प्रथम जाणवले ते तेव्हा. सकाळी फोडणारी आणि नंतर रडणारी मुलगी एकच होती काय? मधल्या वेळात तिला फक्त एक शब्द मिळाला होता. पण त्या शब्दाबरोबर 'हे मी केले' असे म्हणणारे कोणीतरी तिच्या आत जन्मास आले.

आता मुलांच्या खेळाकडे वळू. मीड ह्यांनी खेळाच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. भातुकलीत मुलगी आई होते, बाहुलीस रागे भरते, मग घटकाभराने डॉक्टर होते. एका वेळी एकच सोंग. नंतरची पायरी नियमबद्ध सांघिक खेळाची. मीड ह्यांचे उदाहरण तिकडच्या बेसबॉलचे आहे. आम्ही खो-खोचे देतो, कारण ते अधिक चपखल बसते असे आमचे प्रामाणिक मत आहे. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसलेले, नववा धावणारा. बसलेल्या गड्यास पाठीमागचे दिसत नाही, धावणाऱ्यास दिशा बदलता येत नाही. अशा वेळी 'खो' मिळताच कोणीकडे झेपावायचे हे ज्यास कळते त्याच्या डोक्यात सगळा संघ एकदम हजर असतो, पळणाऱ्यासह. पाच वर्षांच्या मुलास ते जमत नाही, दहा वर्षांच्या मुलास जमते. सगळ्यांची मिळून जी एक दृष्टी बनते ती त्याने आत घेतलेली असते. 'लोक काय म्हणतील' ह्या आपल्या रोजच्या वाक्यातले जे 'लोक', त्यांस नाव-गाव-पत्ता नसतो. पण ते प्रत्येकाच्या घरी मुक्कामास असतात.

मग माणूस म्हणजे लोकांनी भरलेले नुसते मडके काय? मीड तसे म्हणत नाहीत. त्यांनी 'स्व' चे दोन भाग सांगितले, आणि इंग्रजी सर्वनामांच्या दोन रूपांवरून त्यांस नावे दिली. मराठीत ते व्याकरणाच्या साहाय्याने फार सुरेख सांगता येते. एक प्रथमेचा 'मी', दुसरा द्वितीयेचा 'मला'. लोक मला ओळखतात, मला गुरुजी म्हणतात, मला ढ समजतात, हा सगळा 'मला' चा प्रांत. तो इतरांकडून आलेला. त्यास उत्तर देतो तो 'मी'. तो काय उत्तर देईल हे उत्तर दिल्यावाचून स्वतःसही कळत नाही. 'भिक्षुकीच करायची आहे' असे कोणी म्हटले की एकजण पुस्तक मिटतो, दुसरा ईर्ष्येने उघडतो. आम्ही मिटले. आता उघडून पाहतो आहोत, थोडे थोडे समजते.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आवडीची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. इंग्रजीस एकाच शब्दावर भागवावे लागते. 'आम्ही जेवायला जातो' म्हटले की ऐकणाऱ्याने घरी जावे. 'आपण जेवायला जाऊ' म्हटले की त्याचेही पान मांडलेले असते. शेजारच्या गुजरातीत हा भेद आहे, आणि आमच्या इंदूरच्या बाजारातली मंडळी 'अपन चलते हैं' म्हणतात ते ह्याच भावाने. पण मराठीचा 'आपण' एवढ्यावर थांबत नाही. 'आपण कोठून आलात?' असे पाहुण्यास विचारतो तेव्हा तो आदराचा 'तुम्ही' होतो. आणि 'त्याने आपले काम आपण केले' ह्या वाक्यात तोच शब्द 'स्वतः' होतो. समोरचा आदरणीय मनुष्य, आपला सर्वांचा समूह, आणि स्वतः, ह्या तिन्हींस आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला. कूली-मीड ह्यांनी ग्रंथ भरून जे मांडले ते आपण भाजी घेताना बोलून जातो.

वाचकांनी विचारावे की, मग तुम्ही लेखभर स्वतःस 'आम्ही' का म्हणता? प्रश्न योग्य आहे. घरात आजोबा 'आम्ही' म्हणत, वडील म्हणतात, लेख लिहिण्याची जुनी रीतही तीच. पण ह्या 'आम्ही' त थोडी ऐट आहे आणि थोडी आडही आहे. त्यात ऐकणारा येत नाही. चौदाव्या वर्षी जिना उतरताना हाच शब्द आमच्या तोंडी आला असला पाहिजे.

ह्या सर्व विचारपद्धतीस नाव मिळाले 1937 साली. मीड ह्यांचे शिष्य हर्बर्ट ब्लूमर ह्यांनी ते दिले. मराठीत त्यास प्रतीकात्मक आंतरक्रियावाद म्हणतात. नाव जड आहे, त्यात फार अडकू नये. पुढे अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी 1949 ते 1951 ह्या काळात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर राहून तेथील लोकांचे वागणे पाहिले, आणि 1956 साली पुस्तक लिहून दाखविले की, माणसे रंगमंचावर वागावे तशी वागतात. खाणावळीच्या जेवणघरातला वाढपी स्वयंपाकघरात शिरताच निराळा होतो. गाभारा आणि मुदपाकखाना ह्यांमधल्या उंबऱ्यावर आमचे बालपण गेले, त्यामुळे हे पुस्तक आम्हांस नवे वाटले नाही.

परंतु आरशाच्या दृष्टान्तात एक गोष्ट राहून जाते. काचेचा आरसा निःपक्षपाती असतो, माणसांचा नसतो. मॅसॅच्युसेट्स प्रांतातच 1868 मध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय विद्वान डू बॉइस ह्यांनी 1903 साली लिहिले की, शाळेत मुले-मुली हौसेने एकमेकांस भेटपत्रे देत असता नवीन आलेल्या एका उंच मुलीने त्यांचे पत्र नाकारले, आणि आपण इतरांहून वेगळे आहोत हे त्यांस प्रथम उमगले. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, तेही तुच्छतेच्या, डोळ्यांनी पाहावे लागणे ह्यास त्यांनी दुहेरी जाणीव असे नाव दिले.

ह्याच डू बॉइस ह्यांस 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी पत्र लिहिले होते, आणि त्यांचे उत्तरही आले होते. इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या महू येथे 1891 मध्ये जन्मलेल्या ह्या पुरुषाचा प्रस्तुत विषयाशी आणखी जवळचा संबंध आहे. 1913 ते 1916 ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथे जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू होते. ड्यूई म्हणजे मीड ह्यांचे जिवलग स्नेही. मीड शिकागोस गेले ते ड्यूईंच्याच बरोबर. समाज म्हणजे एकत्र राहणारी माणसे एवढेच नव्हे, तर एकमेकांस अनुभव कळविणारी, वाटून घेणारी माणसे, हा ह्या मंडळींचा विचार. आंबेडकरांनी 1936 च्या जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात ड्यूई ह्यांचे ऋण नावानिशी मान्य केले आहे.

आंबेडकरांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. त्या त्यांच्या पश्चात, 1990 मध्ये, पुस्तिकारूपाने निघाल्या. त्यांतली पहिली 1901 सालची आहे. ते नऊ-दहा वर्षांचे होते. वडील कोरेगावास नोकरीवर, मुले साताऱ्यास. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांस भेटावयास भाऊ आणि बहिणीचे मुलगे ह्यांच्यासह ते निघाले. नवे सदरे, भरजरी टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे. मसूर स्थानकावर उतरले, पण न्यावयास कोणी आले नव्हते. वडिलांस पत्रच पोचले नव्हते. स्टेशनमास्तर जवळ आले, आपुलकीने विचारपूस करू लागले. कपड्यांवरून त्यांनी मुलांस ब्राह्मणाची मुले समजले होते. कोण तुम्ही, असे विचारताच भीमरावांनी सहज, काही विचार न करता, महार म्हणून सांगितले. मास्तरांची मुद्रा एकदम पालटली. ते मागे सरले आणि आपल्या खोलीत निघून गेले.

मुले तीच, कपडे तेच, स्थानकही तेच. एक शब्द मध्ये आला. पुढे गाडीवाले भाड्यास येईनात, दुप्पट भाड्यासही येईनात. अखेर मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवाल्याने बरोबर चालावे, असे ठरले. बरोबर जेवण भरपूर होते, पाणी नव्हते. टोलनाक्यावर भीमरावांनी गाडीवाल्याच्या सांगण्यावरून आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागून पाहिले, तरी मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली.

आमचे लक्ष मात्र त्यांनी पुढे जे लिहिले आहे त्याकडे अधिक गेले. शाळेत आपणांस वेगळे, गोणपाटावर बसावे लागते, नळास हात लावता येत नाही, हे त्यांस त्यापूर्वीही ठाऊक होते; पण ते सारे त्यांस चालायचेच असे वाटे. मसूरच्या त्या संध्याकाळने ते प्रथम विचार करू लागले. मीड ह्यांच्या भाषेत सांगावयाचे तर, 'मला' तोवर पुरा घडलेला होता. त्यास उत्तर देणारा 'मी' त्या स्थानकावर जागा झाला. ते उत्तर पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर साऱ्या जगाने पाहिले. तळ्याच्या पाण्यावाचून आपण आजवर मेलो नव्हतो, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी ते प्यावयाचे, अशी त्यांची भूमिका होती. पाण्याचा घोट हे तेथे प्रतीक होते, आणि दोन्ही बाजूंस त्याचा अर्थ अचूक कळत होता. कळला नसता तर डोकी फुटली नसती.

हे वाचीत असता आम्हांस एकाएकी आठवण झाली ती पळीची. तीर्थ द्यावयास आम्हांस आजोबांनी शिकविले. पंचपात्री डाव्या हाती, पळी उजव्या, एवढे सगळेच शिकवितात. आजोबांनी आणखी एक गोष्ट शिकविली, ती तोंडाने नव्हे. कोणाच्या तळहातावर पळी चार बोटांवरून ओतायची आणि कोणाच्या वीतभर उंचीवरून, हे आम्ही त्यांच्या मनगटाकडे पाहून उचलले. दहाव्या वर्षी आमचे मनगट ते आपोआप करू लागले. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने 1950 सालीच अस्पृश्यता नष्ट केली. शाळेत ते कलम आम्ही पाठ केले, परीक्षेत त्याचे गुण मिळविले. त्याच संध्याकाळी आरतीनंतर मनगट वीतभर उंच गेले असेल. कोणी काही बोलत नसे. देवळात कोणास अटकाव नव्हता. पण वरून पडणाऱ्या त्या धारेत जे सांगितलेले असे ते ओतणाऱ्यासही समजे आणि घेणाऱ्यासही. समजत नव्हते, असे आता आम्ही म्हणालो तर ते खोटे होईल.

आजोबांविषयी आमच्या मनात आदर आहे. त्यांचे मनगटही त्यांनी कोणाकडून तरी उचललेले होते.

गेल्या आषाढापासून आम्ही पळी सर्वांसाठी चार बोटांवर धरतो. वडिलांच्या ध्यानात आले आहे. ते काही म्हणाले नाहीत. बहुतेकांस हा फरक कळलाही नसेल. परंतु एक वृद्ध गृहस्थ गेली कित्येक वर्षे एकादशीस येतात. रांगेत सर्वांच्या मागे उभे राहतात. आम्ही पळी खाली आणली की त्यांचा हात तेवढाच खाली जातो. आम्ही आणखी वाकतो, तो आणखी खाली जातो. अंतर वीतभरच राहते. ते हेतुपूर्वक करतात असे नाही. त्यांची दृष्टी देवाकडे असते. मागच्या एकादशीस आम्ही पंचपात्री खाली ठेवली, डाव्या हाताने त्यांचा हात खालून धरला, आणि मग तीर्थ घातले. त्यांनी प्रथम आमच्याकडे पाहिले, मग हाताकडे. तीर्थ घेतले, ओला हात डोळ्यांस लावला. 'येतो आपण' म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

त्यांनी तो 'आपण' कोणत्या अर्थाने वापरला हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.